बाबांनी शिवलेला पट्टा

९ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

तुझा पत्ता तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीने दिला. फोन नंबर मी मागितलाच नाही. फोनवर तुला लगेच काहीतरी बोलावं लागलं असतं, पत्र निदान ड्रॉवरमध्ये टाकून देता येतं.

आधी कामाचं. बाबांना हर्निया आहे, उजव्या जांघेत. ऑपरेशन चोवीस तारखेला ठरलंय. नेहमीचंच ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी इथेच आहे. एवढंच कळवायचं होतं, पण पान बरंच रिकामं राहिलंय आणि मला रिकामं पान पाठवायला कसंतरी वाटतं.

मी खरं तर दोन दिवसांसाठी आलो होतो, जाड बूट न्यायला. गेलं वर्षभर बोटीवर तिकिटं फाडत होतो. त्याआधी सफरचंदांच्या शीतगृहात. तिथे एक म्हातारा होता, तो पेटी नुसती हुंगून सांगायचा की आत एक फळ सडलंय. खोलून पाहिलं की खरंच एक निघायचं. असो.

दुकान तू सोडलंस तसंच आहे. कापायचं टेबल, इस्त्री, माप द्यायला उभं राहायची ती फळी, बदलायच्या खोलीचा तो पडदा. बाबा मशीनवर होते. पायडल डाव्या पायाने मारत होते, उजवा नुसता शेजारी ठेवलेला, पाहुण्यासारखा.

"पायाला काय झालं?"

"काही नाही. वय झालं."

"वय एकाच पायाला होतं का?"

"तू कधी जाणार आहेस?"

म्हणजे प्रकृती अगदीच वाईट नव्हती. पण तिसऱ्या दिवशी कापडाचा तागा वरच्या फळीवर चढवताना खाली बसले ते बसलेच. चेहरा पांढराफटक. मी टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. रस्ताभर मला बजावत होते की दुकानाला कुलूप नीट लागलं नाही.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काचेची टाकी आहे, तिच्यात एकच मासा. एवढ्या मोठ्या टाकीत एकटाच का, म्हणून मी विचारलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली, त्याने बाकीचे खाल्ले. मी त्याच्याकडे बघत बसलो आणि आमचा नंबर दोनदा पुकारला गेला.

आत सर्जन म्हणून एक बाई. चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं थोडं. बाबा दारातच थांबले. "डॉक्टर कुठे आहेत?" बाई म्हणाल्या, "बसा." तुला हसू येईल म्हणून लिहितो. ज्या माणसाने गिऱ्हाईकासमोर तुझ्या हातातली टेप काढून घेतली आणि पुरुषांच्या पँटचं माप बाईमाणूस घेत नाही म्हणून सांगितलं, त्या माणसाची जांघ परवा एक बाई तपासत होती. तो माणूस भिंतीवरचं कॅलेंडर पाठ करत होता.

पँट उतरवली तेव्हा आत पट्टा निघाला. जाड सुती पट्टी, मऊ लोकरीची गादी, मागे जुन्या वास्कोटाचं बक्कल. मी तो पट्टा पहिल्यांदाच पाहिला. बाईंनी तो उलटून पालटून पाहिला.

"कुठून घेतला?"

"मीच शिवला."

"छान शिवलाय. दुकानातले याच्यापुढे काहीच नाहीत. पण हा एवढा चांगला नसता, तर तुम्ही माझ्याकडे केव्हाच आला असता. किती दिवस आहे हे?"

"सहा महिने."

"लघवीला काही त्रास? अडखळते, थांबते, पुन्हा जावं लागतं?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

बाईंनी लिहून घेतलं. घरी येताना बाबा म्हणाले की बाईंच्या कोटाची बाही एका बाजूने लांब आहे.

तुझा,
भोवरा
(अजून मला हेच म्हणतेस का, माहीत नाही.)

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

मागचं पत्र मिळालं असेल तर एक गोष्ट त्यात खोटी आहे. पट्टा मी पहिल्यांदा पाहिला नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका रात्रीसाठी आलो होतो, तेव्हा तो मागच्या दोरीवर वाळत होता. मी विचारलं, हे काय. बाबा म्हणाले, कंबरेचं आहे. मग म्हणाले, कोणाला सांगायचं नाही, तुझ्या ताईला तर मुळीच नाही. कंबरेच्या पट्ट्याला जांघेत गादी कशाला, एवढं मला कळत होतं. पण अकराची बस होती. मी बरं म्हटलं आणि बस पकडली. बसमध्ये शेजारी एक जण बासरी विकणारा बसला होता, उतरेपर्यंत मी पट्टा विसरलो होतो. हे असंच झालं, याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

आता खरी गोष्ट.

काल बेकरीवाला आला. पँट शिवायचीय, जुनंच माप आहे म्हणाला. त्याचं जुनं माप त्याला आता बाहीला बसेल, पण मी वही काढली. बाबा आत पडले होते. तुला ती लांबोडी वही आठवत असेल, एका पानावर एक गिऱ्हाईक. बेकरीवाला शोधता शोधता मी शेवटच्या पानावर गेलो. तिथे वर लिहिलंय, 'एक गिऱ्हाईक'. नाव नाही. खाली तारखा, महिन्याला एक, तीन वर्षांच्या. प्रत्येक तारखेपुढे दोन आकडे. एकावर लिहिलंय 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'. पहिल्या ओळीत आधी पावणेतीन, नंतर अडीच. शेवटची ओळ गेल्या महिन्यातली. आधी साडेसहा, नंतर साडेचार.

म्हणजे सहा महिने नाही, तीन वर्षं. बाबा स्वतःच्या गाठीचं माप घेत होते, टेपने, वरून वळवून, छातीचं घेतात तसं. मला वाटलं, पट्टा लावायच्या आधी आणि काढल्यानंतर. तेवढ्यावर सोडून दिलं असतं.

पण आपल्या मोरीचं दार कसं आहे तुला माहीत आहे, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. आज सकाळी मी बाहेर दात घासत होतो. धार आली, थांबली. मग काहीच नाही. मग बाबांचा एक हुंकार, कोणी कणीक मळताना देतो तसा. मग पुन्हा धार, पहिल्याइतकीच. बाबा बाहेर आले, गळ्यात टेप. दुकानात गेले आणि वहीत लिहिलं.

लघवीच्या आधी. लघवीच्या नंतर.

मी शाळेत आठवीपलीकडे गेलो नाही, पण तीन महिने एका प्लंबरच्या हाताखाली होतो. पाणी सोडल्यावर जे आकसतं, ते टाकीचंच अंग असतं. आतडं लघवी केल्याने दोन इंच कमी होत नाही. बाबा गाठ दाबून उरलेली लघवी बाहेर काढतात. म्हणजे त्या गाठीत मूत्राशय उतरलंय, निदान त्याचा एक तुकडा. आणि बाईंच्या कागदावर लिहिलंय, लघवीला त्रास नाही. चोवीस तारखेला त्या सुरी घेतील तेव्हा त्यांना वाटेल की समोर नेहमीचीच पिशवी आहे, उघडायला हरकत नाही.

मी बाबांना हे जसं सुचलं तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ती माझी वही आहे."

"डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं."

"बूट सापडले ना तुझे?"

"हो."

"मग जा."

बूट दाराशीच आहेत. गुरुवारी फळबागेतल्या कामावर हजर व्हायचंय, तिथे माणसं थांबत नाहीत. तू असतीस तर काय केलं असतंस, हे मला नीट माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

भोवरा

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

मी वही चोरली. काल बाबा दुपारी झोपले तेव्हा कोटाच्या आत घालून नेली. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

बाईंना वेळ नव्हता. मी माशासमोर दोन तास बसलो. शेवटी त्या स्वतः बाहेर आल्या, डबा उघडून उभ्याउभ्याच जेवत होत्या. मी शेवटचं पान समोर धरलं. त्यांचा घास तोंडातच राहिला.

"हे कोणी लिहिलं?"

"त्यांनीच. ते शिंपी आहेत."

"तीन वर्षं?"

"दर महिन्याला."

त्यांनी डबा बंद केला. म्हणाल्या, शंभर हर्नियांत असे फार तर दोन-तीन, आणि त्यातले बरेचसे टेबलावरच कळतात, कधी कधी ब्लॅडर कापल्यावर. "माझे शिकाऊ डॉक्टर एवढ्या नियमाने लिहीत नाहीत. उद्या त्यांना घेऊन या. पाणी पिऊन, लघवी न करता."

उद्या म्हणजे आज. बाबांना मी सांगितलं की ऑपरेशनच्या आधीची एक तपासणी राहिलीय. पुन्हा खोटं. पण खोटं आत गेल्या गेल्या उघडं पडलं, कारण वही बाईंच्या टेबलावर होती, मी तिथेच विसरून आलो होतो.

बाबांनी वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी उचलली.

"कोणी पुरुष डॉक्टर आहेत का?"

"आहेत," बाई म्हणाल्या. "गुरुवारी येतात. त्यांनाही हेच सांगावं लागेल."

"मला ऑपरेशन करायचं नाही."

"बरं. बसा तरी. एक विचारते. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं, तर तुम्ही काय करता?"

बाबा उभेच. बाहेर कोणाचं तरी पोर रडत होतं.

"त्याला बोलण्यात गुंतवतो," ते म्हणाले. "बोलताना पोट सुटतं."

"आणि नाहीच सुटलं तर?"

"आठ दिवसांनी पँट परत येते. वर मलाच शिव्या."

"मी तुमचं माप घेतेय आणि तुम्ही पोट आत ओढलंय. फरक एवढाच की माझ्याकडून काही परत शिवून मिळणार नाही."

बाबा बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. आणि ताई, मग ते माप सांगताना सांगायचे ना, तू वही घेऊन बसायचीस तेव्हा, तसं भिंतीकडे बघत, एकसुरात, त्यांनी सांगितलं. "लिहा. सकाळी उठल्यावर, पहिली धार अर्धी. मग बंद. मग उजव्या हाताने खालून वर दाब. मग उरलेली. दिवसातून सहा वेळा, थंडीत आठ. दाबलं नाही तर तासाभरात पुन्हा. कधी जळजळ. पट्टा घट्ट बांधला तर घाई होते. तीन वर्षं झाली. आधी फक्त संध्याकाळी व्हायचं." बाई लिहीत होत्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, "सावकाश." बाबा थांबले, त्यांचं लिहून होऊ दिलं, मग पुढे.

मग सोनोग्राफी. लघवीच्या आधी एकदा, नंतर एकदा. बाईंनी पडदा वळवून मलाही दाखवला. मला आधी पावसाळी ढगांसारखं काहीतरी दिसलं, पण त्यांनी बोट फिरवलं तेव्हा कळलं. एक मोठा काळा फुगा पोटात, एक लहान जांघेत, मध्ये बारीक मान. डमरूसारखं. लघवी झाल्यावर वरचा फुगा गेला, खालचा तसाच होता. बाबांनी दाबलं, मग तोही गेला. प्रोस्टेटही सुजलंय. त्याच्यामुळे जोर करावा लागतो, आणि जोर केल्याने ते खाली सरकत गेलं. त्याची गोळी आजपासून सुरू. सीटी स्कॅन शुक्रवारी. ऑपरेशन चोवीसलाच, पण आता बाईंना माहीत आहे आत काय आहे ते.

परत येताना टॅक्सीत बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी वही दुकानाच्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात घातली. त्या कपाटाला आजवर कधी किल्ली लावलेली मी पाहिली नव्हती.

फळबागेला मी कळवलं की येत नाही. त्यांनी माझं नावही विचारलं नाही.

भोवरा

२५ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

ऑपरेशन झालं. बाबा ठीक आहेत. हे पहिल्या ओळीत लिहितो, बाकीचं तू सावकाश वाच.

कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, त्यामुळे बाबा पूर्ण वेळ जागे. छातीवर हिरवा पडदा. मी बाहेर होतो. आत काय झालं ते बाईंनी सांगितलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पाणी दे, उशी वर कर, बास. आठ दिवस झाले. आपल्या घरात अबोला धरायची पद्धत तुला मी काय सांगायची.

तर बाईंनी आधी नळी घातली आणि तिच्यातून मूत्राशयात पाणी भरलं. जांघ उघडल्यावर समोर जे होतं ते हळूहळू फुगलं. तेव्हा खात्री झाली की कुठून कुठपर्यंत सुरी लावायची नाही. म्हणाल्या, पिवळ्या चरबीत लपेटलेलं होतं, नेहमीच्या पिशवीसारखंच दिसत होतं. "मी रोज असं उघडते. काल उघडलं असतं तर लघवी पोटात गेली असती. मला उशिरा कळलं असतं, आणि त्यांना त्याहून उशिरा." मग पाणी काढून घेतलं, सगळं अलगद सोडवून आत ढकललं आणि भगदाडावर जाळी बसवून शिवली.

जाळी बसवताना पडद्यामागून आवाज आला म्हणे. "कसली आहे?"

"प्लास्टिकच्या जातीची."

"धुतल्यावर आटते का?"

"थोडी आटते. म्हणून मोठी कापते."

"किती मोठी?"

"चारी बाजूंनी दीड-दोन इंच."

"मग बरोबर," बाबा म्हणाले, आणि नंतर काही विचारलं नाही. भूल देणारा डॉक्टर हसत होता म्हणे.

ऐकताना मलाही हसू आलं, आणि मग त्या कॉरिडॉरमध्ये मला बसावं लागलं. गेले पाच दिवस मी नीट जेवलो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं. त्या काउंटरवरच्या बाईने मला बिस्किटं दिली, वर म्हणाली, माशाला घालू नको.

नळी दहा दिवस राहणार, प्रोस्टेटमुळे. सहा तारखेला काढतील. पण बाई म्हणाल्या की इतकी वर्षं दाबून दाबून बाहेर काढायची सवय लागलेलं मूत्राशय आपणहून सगळं बाहेर टाकेल की नाही, हे आज सांगता येत नाही. नाही टाकलं तर नळी परत. कदाचित कायमची, पायाला पिशवी बांधून. बाबा समोरच होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. पलंगाला लटकलेली, अर्धी भरलेली. मला माहीत आहे ते काय पाहत होते. ती पिशवी लपवायला कुठल्या पँटला किती कापड सोडावं लागेल ते.

सहा आठवडे पायडल बंद, ओझं बंद. तेवढे दिवस मी आहे. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

भोवरा

६ मार्च, शुक्रवार

ताई,

दवाखान्यातूनच लिहितोय, नर्सच्या पेनाने, तिला पाच मिनिटांत परत हवंय.

सकाळी आठ वाजता टाके काढले. बाबांनी मान उचलून पाहिले आणि म्हणाले की अंतर सारखं नाही, वरचे तीन दाट आहेत, खालचे विरळ. बाई म्हणाल्या, वरचे मी घातले, खालचे शिकाऊ मुलीने. बाबांनी त्या मुलीकडे पाहिलं. विशीची असेल, कानापर्यंत लाल झाली. "सुई धरतेस बरोबर," ते तिला म्हणाले. "घाई करतेस. माप घेऊन घाल, आपोआप सारखे येतील." ती हो म्हणाली. मी कॅलेंडरकडे बघत होतो.

मग नळी काढली. पाणी प्या, फिरा, वाट बघा. दोन तास. बाबा कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, जांघेवर हात न ठेवता. एकदा हात आपोआप तिकडे गेला. त्यांनी तो मागे नेऊन दुसऱ्या हातात धरला आणि तसेच चालत राहिले, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. मी मागून चाललो होतो. मला वाटलं, काहीतरी बोलावं, शीतगृहातल्या म्हाताऱ्याचं सांगावं. पण नाही सांगितलं.

दहा वाजून गेल्यावर ते न्हाणीघरात गेले. नर्सने मापाचं भांडं दिलं होतं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. मी बाहेर उभा. काहीच ऐकू येईना. नळ ठिबकत होता तेवढंच. मी मोजायला लागलो, शंभरपर्यंत गेलो, परत सुरुवात केली.

"आत ये," बाबा म्हणाले.

सतरा दिवसांनी, पाणी-उशीपलीकडचे पहिले शब्द.

मी आत गेलो. भांडं खाली स्टुलावर. ते त्याच्यासमोर उभे, दोन्ही हात समोरच्या भिंतीला टेकवलेले, बोटं पसरून.

"हात तिकडे जातात," ते म्हणाले. "गेले तर सांग."

"बरं."

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. नखाजवळ सुयांची जुनी भोकं, सगळ्या बोटांना. मग धार लागली. मी थांबायची वाट पाहिली. थांबली नाही. बारीक झाली, मग परत वाढली, मग संपली. हात भिंतीवरच होते. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, अजून काही येतंय का बघत.

नर्सने भांडं नेलं. तीनशे वीस. मग बाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं. आत उरली पंचवीस मिली. "पन्नासच्या आत म्हणजे उत्तम," त्या म्हणाल्या. नळी नको, पिशवी नको. गोळी चालू ठेवायची, सहा आठवड्यांनी दाखवायला यायचं. बाबांनी मान हलवली आणि शर्टाची बटणं लावायला घेतली.

बाहेर बाकावर येऊन बसले. मी शेजारी.

"तिला लिहितोस ना तू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं हो. कधीपासून माहीत आहे, ते मी विचारलं नाही.

"लिही मग."

"काय लिहू?"

"हेच."

"हे? लघवी झाली म्हणून?"

"मग काय, तिला खोटं कळवायचं?"

तर ताई, बाबांना लघवी झाली. एका दमात, हात न लावता. तीनशे वीस, मागे उरली पंचवीस. बाबांनी तुला कळवायला सांगितलं आहे.

भोवरा